परदेशात भाषा शिकवायचीय? कोर्सची फी भरण्याआधी हे वाचा

पुण्यात भाषा शिकणाऱ्यांची आणि शिकवणाऱ्यांची कधीच वानवा नव्हती. रानडे इन्स्टिट्यूट, माक्स म्युलर भवन, आलियाँस फ्रान्सेझ यांच्या आसऱ्याने इथे दोन-तीन पिढ्या परकीय भाषा शिकल्या, आणि इंग्रजीचे क्लास तर प्रत्येक उपनगरात आहेत. त्यामुळे एक प्रश्न इथे पुन्हा पुन्हा ऐकू येतो: ‘एम.ए. इंग्लिश झालंय, चार वर्षं क्लासमध्ये शिकवतेय, थायलंड किंवा व्हिएतनामला शिकवायला जाता येईल का?’

जाहिराती याचं उत्तर एका ओळीत देतात: १२० तासांचा ऑनलाइन टेफल करा आणि बॅग भरा. टेफल म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना इंग्रजी कसं शिकवायचं, याच्या प्रशिक्षणाला दिलेलं सर्वसाधारण नाव. ते कुठल्या एका विद्यापीठाचं किंवा मंडळाचं प्रमाणपत्र नाही. कोणीही संस्था काढून ते देऊ शकतं. वीसेक वर्षांपूर्वी आशियातल्या बऱ्याच देशांत एवढ्यावर काम होऊन जायचं. आता बहुतेक ठिकाणी होत नाही. तरीही माणसं आधी टेफलची फी भरतात, आणि मग कळतं की आपल्या पासपोर्टवर त्या देशात ती नोकरी मिळणारच नव्हती.

गाडी येते, लायसन्स आहे, बॅच आहे, पण परमिट?

हे सगळं समजून घ्यायला आपली रिक्षा पुरते. रिक्षा चालवता येणं ही एक गोष्ट. लायसन्स दुसरी. प्रवासी वाहून न्यायचे तर चालकाला बॅच, म्हणजे बिल्ला, लागतो, आणि रिक्षा रस्त्यावर धंद्याला उतरवायची तर परमिट लागतं. उत्तम गाडी चालवणाऱ्याकडे बॅच नसेल तर त्याला पकडतात, आणि बॅच असूनही परमिट नसलेली रिक्षा चालवली तरी पकडतात. ‘साहेब, मी वीस वर्षं गाडी चालवतोय’ या वाक्याचा तिथे उपयोग नसतो.

परदेशातल्या शिक्षकाचंही असंच आहे. भाषा येणं आणि शिकवता येणं म्हणजे गाडी चालवता येणं. पदवी आणि प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र म्हणजे लायसन्स. काही देशांत शाळेत उभं राहायला वेगळा शिक्षक-परवाना लागतो, तो बॅच. आणि त्या देशात पगार घेऊन काम करण्याची सरकारी परवानगी, म्हणजे वर्क परमिट, हे परमिट. बॅच चालकाचा असतो आणि परमिट त्या रिक्षाचं, हे इथेही बरंचसं लागू पडतं: वर्क परमिट बहुतेक देशांत ठरावीक नोकरीशी आणि ठरावीक मालकाशी बांधलेलं असतं. शाळा सोडली की परमिट संपतं. शेजारच्या क्लासमध्ये संध्याकाळी दोन तास शिकवलं, तरी तो नियमभंग ठरू शकतो.

टेफल या साखळीत फक्त एका कडीपुरतं आहे. बाकीच्या कड्या त्याने जुळत नाहीत.

नियम एवढे घट्ट का झाले?

एका रात्रीत झाले नाहीत. थायलंडने २००३ मध्ये कायदा करून शिक्षक परिषद उभी केली आणि शाळेत शिकवणाऱ्याला, तो परदेशी असला तरी, परवाना बंधनकारक केला. दक्षिण कोरियाला २००७ हे वर्ष निर्णायक ठरलं. तिथे इंग्रजी शिकवत असलेला एक कॅनेडियन माणूस बाललैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात इंटरपोलला हवा असल्याचं उघड झालं आणि त्याला थायलंडमध्ये अटक झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस कोरियाने भाषाशिक्षकांच्या व्हिसासाठी गुन्हेगारी नोंदींचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी सक्तीची केली. चीनने एप्रिल २०१७ पासून देशभर एकच वर्क परमिट पद्धत आणली आणि परदेशी कर्मचाऱ्यांची ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशी वर्गवारी केली. व्हिएतनामने २०१८ मध्ये भाषा-केंद्रांतल्या शिक्षकांची पात्रता लेखी ठरवून दिली.

कारणं साधारण तीच. अधिकाऱ्यांच्या टेबलावर खोट्या पदव्या येत होत्या. लहान मुलांसमोर कोण उभा राहतोय, याची कुठेच नोंद नव्हती. आणि स्थानिक शिक्षक, जे चार-पाच वर्षं शिक्षणशास्त्र शिकून आले होते, ते विचारत होते की फिरायला आलेल्या पंचविशीतल्या माणसाला आमच्यापेक्षा जास्त पगार कशासाठी? हा प्रश्न रास्त होता. आपल्याकडे टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण झाल्याशिवाय पहिली ते आठवीच्या वर्गांवर शिक्षक होता येत नाही, मग पाहुण्याला का सूट द्यावी?

सगळ्यांत आधीचं दार: पासपोर्टचा रंग

ही कडी सर्वांत आधी तपासायची, कारण ती अभ्यास करून बदलत नाही.

दक्षिण कोरियात संभाषण-शिक्षकाचा व्हिसा इंग्रजीसाठी सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. या यादीत भारत नाही. म्हणून तिथल्या खासगी क्लासांचं, ज्यांना कोरियात हागवॉन म्हणतात, दार भारतीयांना बंद आहे. पण एक खिडकी उघडी आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. भारत आणि कोरिया यांच्यातला व्यापक आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात भारतीयांना शाळांमध्ये सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून काम करण्याची तरतूद आहे. अट अशी की पदवी हवी आणि इंग्रजी शिकवण्याची शिक्षक-पात्रता हवी. म्हणजे इंग्रजी ही अध्यापन-पद्धती घेऊन केलेलं बी.एड. इथे थेट कामी येतं, आणि टेफल त्याची जागा घेत नाही.

चीनचा नियम तत्त्व म्हणून सांगतो की परदेशी भाषाशिक्षकाने आपल्या मातृदेशाची मातृभाषा शिकवावी. सोबत पदवी आणि भाषा शिकवण्याचा दोन वर्षांचा अनुभव. पदवी शिक्षणशास्त्राची, भाषेची किंवा शिक्षक-प्रशिक्षणाची असेल, किंवा आपल्या देशाची शिक्षक-पात्रता वा मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय भाषा-अध्यापन प्रमाणपत्र असेल, तर अनुभवाची अट माफ होते. इथे टेफलचा उपयोग दिसतो, पण नीट वाचा: टेफलने अनुभवाची अट सुटते, मातृभाषेची नाही. भारतीय उमेदवार इंग्रजीसाठी अडतो तो पहिल्याच वाक्यावर. हाच नियम हिंदी शिकवणाऱ्या भारतीयाच्या मात्र बाजूने उभा राहतो.

जपानची अट वेगळ्या जातीची आहे आणि आपल्या दृष्टीने जास्त न्याय्य. शाळेत परकीय भाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. इथे देश विचारत नाहीत, माध्यम विचारतात. पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पुणेकराला हे जमतं. शाळेकडून आणि कॉलेजकडून माध्यमाचं पत्र तेवढं घ्यावं लागतं. मराठी माध्यमातून दहावी करून पुढे अकरावी ते एम.ए. इंग्रजीतून केलं, तर हिशेब सातच वर्षांचा होतो. सेमी-इंग्रजीवाल्यांनीही जपून राहावं. गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी सगळं मराठीतून, याला ‘इंग्रजीतून शिक्षण’ म्हणून मान्यता मिळेल असं गृहीत धरून तिकीट काढू नये. खासगी संभाषण-वर्गांची नोकरी जपानमध्ये वेगळ्या व्हिसाखाली येते. तिथे पदवीला महत्त्व आहे, पण नेमणूक करणारे तिथेही माध्यम विचारतात.

व्हिएतनाम आणि थायलंड हे आपल्यासाठी त्यातल्या त्यात मोकळे देश. व्हिएतनामच्या भाषा-केंद्रांत मातृभाषक नसलेल्या परदेशी शिक्षकालाही जागा आहे, पण त्याला भाषेची पातळी सिद्ध करावी लागते: त्यांच्या सहा पायऱ्यांच्या चौकटीत पाचवी. जर्मन-फ्रेंच शिकलेल्यांना ए१ ते सी२ ही शिडी पाठ असते. ही पाचवी पायरी म्हणजे त्यातली सी१. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साधारण ७ बँड, म्हणजे गुण. सोबत पदवी आणि अध्यापनाचं प्रमाणपत्र. थायलंडमध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्या देशांच्या उमेदवारांकडून शाळा सर्रास टोइक या दुसऱ्या इंग्रजी परीक्षेचे ६०० गुण किंवा आयईएलटीएसचे ५.५ मागतात. शिक्षक-परवाना लगेच नसला, तर शाळा तात्पुरत्या परवानगीसाठी अर्ज करू शकते. ती दोन वर्षांची असते. ती परवानगी शाळा मागते, उमेदवार नाही. म्हणून ‘परवानगी आम्ही काढून देतो’ असं पुण्यातला एजंट म्हणाला, तर शाळेचं नाव आधी विचारा.

‘पण माझं इंग्रजी त्यांच्यापेक्षा शुद्ध आहे!’

असेलही. व्याकरण समजावून सांगायची वेळ आली तर ज्याने ती भाषा कष्टाने शिकली तो बहुधा जास्त चांगला शिक्षक ठरतो. आपली चूक कुठे होते, हे त्याला आतून माहीत असतं. पासपोर्टवरून शिक्षक निवडणं अन्यायाचं आहे, हे स्पष्ट म्हणायला हवं.

तरी नियम तसा का आहे, हे कळलं तर त्याच्याशी वागणं सोपं जातं. ‘बॅचलरना जागा मिळणार नाही’ अशी पाटी लावणारा घरमालक समोर आलेला मुलगा कसा आहे हे तपासत नाही. तपासायला वेळ नाही आणि साधनही नाही, म्हणून तो अख्खा गटच बाद करतो. व्हिसा कचेरीतला अधिकारी तेच करतो. उच्चार, व्याकरण, वर्ग सांभाळण्याची हातोटी यांतलं काहीही त्याला खिडकीतून मोजता येत नाही. पासपोर्ट मोजता येतो, पदवी मोजता येते, बँड मोजता येतो. जिथे देश मोजतात तिथे आपण काही करू शकत नाही. जिथे बँड आणि वर्षं मोजतात तिथे करू शकतो. शक्ती तिथे लावावी.

आणि हे फक्त ‘ते’ करतात असंही नाही. भारतात नोकरीच्या व्हिसावर येणाऱ्या परदेशी माणसाला वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये पगार असावा, असा आपला नियम आहे. त्याला काही अपवाद आहेत, आणि त्यांत भाषाशिक्षक येतात, मात्र इंग्रजीचे शिक्षक सोडून. म्हणजे पुण्यात जपानी शिकवायला आलेल्या जपानी बाईंना पगाराच्या अटीतून सूट आहे, इंग्रजी शिकवायला आलेल्या इंग्रजाला नाही. इंग्रजी शिकवणारे आमच्याकडे आहेत, ही त्यामागची भूमिका. कोरिया किंवा चीनची भूमिका वेगळी असली, तरी आपल्याला कोण हवं हे प्रत्येक देश असाच ठरवतो.

घरातलं बी.एड. आणि बाहेरचं टेफल

पुण्यात बी.एड.कडे अनेकजण ‘शाळेतल्या नोकरीपुरती पदवी’ म्हणून पाहतात. परदेशाच्या बाबतीत हा अंदाज साफ चुकतो. कोरियाच्या करारात तेच लागतं. चीनच्या नियमात त्याने अनुभवाची अट सुटते. संयुक्त अरब अमिरातींत शिक्षक-परवान्यासाठी पदवी लागते आणि अध्यापनशास्त्र व आपला विषय अशा दोन परीक्षा द्याव्या लागतात; बी.एड. केलेल्याला पहिल्या परीक्षेतली भाषा ओळखीची असते.

इंग्लंडचं उदाहरण तर मुद्दाम लक्षात ठेवावं. तिथे शिक्षकाची मान्यता ‘क्यूटीएस’ या नावाने ओळखली जाते. १ फेब्रुवारी २०२३ पासून भारतात प्रशिक्षित झालेल्या शिक्षकांना त्यासाठी थेट अर्ज करता येतो, पण ११ ते १६ वर्षांच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांनाच. भाषा म्हणजे फ्रेंच, जर्मन, स्पॅनिशसारख्या परकीय भाषा. विचार करा: पुण्यातल्या शाळेत जर्मन किंवा फ्रेंच शिकवणारी, बी.एड. झालेली शिक्षिका या चौकटीत बसू शकते, आणि तिला ते माहीतही नसतं. शिकवण्याचा अनुभव आणि इंग्रजीचा पुरावा लागतो. क्यूटीएस म्हणजे व्हिसा नव्हे, तो बॅच आहे. परमिटसाठी आधी नोकरी देणारी आणि व्हिसासाठी प्रायोजक होणारी शाळा शोधावी लागते.

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं आहे. दोन वर्षं जास्त वाटतात, आणि टेफल सहा आठवड्यांत होतं. पण शाळेत शिकवायचं असेल तर या दोन कागदांची तुलनाच होत नाही.

मग टेफल घ्यायचंच नाही का? भाषा-केंद्रांत, प्रौढांच्या वर्गात शिकवायचं असेल तर अध्यापनाचं प्रमाणपत्र लागतंच. फक्त कुठलं घेता, ते बघा. केंब्रिजचं सेल्टा हे ब्रिटनच्या पात्रता-चौकटीत पाचव्या पातळीवर नोंदलेलं आहे. त्यात किमान १२० तास प्रत्यक्ष मार्गदर्शन आणि खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास अध्यापन असतं, प्रशिक्षकाच्या डोळ्यांसमोर. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या सर्टटेसॉल या प्रमाणपत्रातही सहा तास वर्गावर शिकवावं लागतं. स्वस्त ऑनलाइन कोर्सच्या प्रमाणपत्रावरही ‘१२० तास’ असंच छापलेलं असतं, पण त्यात एकही विद्यार्थी नसतो. फी भरण्याआधी संस्थेला दोन प्रश्न लेखी विचारा: प्रत्यक्ष वर्गावर किती तास शिकवायला मिळेल, आणि तुम्हाला मान्यता देणारी संस्था कोणती? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आलेलं नाव सरकारी यादीत शोधून पाहा. कोर्स विकणाऱ्यांनीच काढलेल्या ‘मान्यता मंडळां’ची या धंद्यात कमतरता नाही.

कागद कुठे अडतात

पात्रता असूनही माणसं मागे पडतात ती इथे. हे सगळं पुण्यात बसून आधीच आवरता येतं, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट: पदवी हातात आहे का? अनेकांकडे शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका आणि तात्पुरतं प्रमाणपत्र असतं. पदवीदानाचा अर्जच भरलेला नसतो, कारण इथल्या नोकरीत कोणी मागितलं नाही. परदेशी कचेरीला मूळ पदवी प्रमाणपत्र लागतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे अर्ज करून ते मिळवायला वेळ लागतो, म्हणून सुरुवात इथून करायची. विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये बदललं. जुन्या पदवीवर ‘पुणे विद्यापीठ’ आणि नव्या पत्रावर दुसरं नाव असेल, तर परक्या अधिकाऱ्याला ती दोन विद्यापीठं वाटू शकतात. अर्जासोबत एका ओळीचा खुलासा जोडावा.

दुसरी गोष्ट लॅमिनेशन. आपल्या घरांत प्रेमाने प्रमाणपत्रं लॅमिनेट करून ठेवतात, आणि नेमकं तेच नडतं. कारण मूळ कागदाच्या मागे शिक्के मारायचे असतात आणि अपोस्टिलचं स्टिकर लावायचं असतं. अपोस्टिल म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशाने खरा मानावा यासाठीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणन. भारतात ते २००५ पासून लागू आहे. लॅमिनेट केलेला कागद बऱ्याचदा परत येतो आणि मग दुय्यम प्रत काढावी लागते. प्लास्टिक घरी सोलायचा प्रयत्न करू नका, शाई त्याच्याबरोबर निघते.

पदवीचा प्रवास असा: आधी राज्य सरकारकडून पडताळणी, म्हणजे आपल्यासाठी मुंबईत मंत्रालय, आणि मग परराष्ट्र मंत्रालय. परराष्ट्र मंत्रालय कागद स्वतः हातात घेत नाही, नेमलेल्या संकलन-संस्थांमार्फत घेतं. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये आहे, संस्थेचं सेवाशुल्क वेगळं. मधल्या एजंटने हजारो रुपये सांगितले तर तो त्याच्या धावपळीचा मोबदला आहे. देण्यात गैर नाही, पण ती सरकारी फी आहे असं समजू नका. अमिरातींसारखा देश अपोस्टिलच्या करारात नाही, तिथे परराष्ट्र मंत्रालयानंतर त्यांच्या वकिलातीचा शिक्का घ्यावा लागतो. कोरिया, जपान करारात आहेत.

तिसरी अडचण नावाची, आणि ती खास आपली. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पदवीवर आईचंही नाव. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि बाकी दुसऱ्यात. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंच्या पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव. आपल्याला ही एकच व्यक्ती आहे हे बघताक्षणी कळतं. हनोईतल्या कारकुनाला त्या दोन बायका वाटतात. उपाय कंटाळवाणा आहे पण पक्का: विवाह नोंदणी प्रमाणपत्र, किंवा राज्याच्या राजपत्रात प्रसिद्ध झालेला नावबदल, आणि त्यालाही पदवीसारखंच प्रमाणन. स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरकही आत्ताच दुरुस्त करून घ्या. नोकरीचं पत्र आल्यावर तेवढे दिवस मिळत नाहीत.

अनुभवाचं पत्र हा चौथा खड्डा. क्लासचालक लेटरहेडवर ‘यांनी आमच्याकडे उत्तम काम केले’ एवढंच लिहून देतात. त्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, शिकवलेल्या वर्गांचं वय, आठवड्याचे तास, सही करणाऱ्याचं नाव आणि चालू फोन हवा. दोन वर्षांची अट असते तिथे ती पदवीनंतरची आणि पूर्णवेळ मोजली जाते. कॉलेजात असताना घेतलेल्या शिकवण्या त्यात धरत नाहीत. पगार रोख घेत असाल तर आजपासून खात्यावर घ्या. बँकेची नोंद आणि फॉर्म १६ यांच्याइतका भक्कम पुरावा नाही.

पोलिस दाखला सगळ्यांत शेवटी काढायचा. परदेशी नोकरीसाठीचा दाखला पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून अर्ज करून, पुणेकरांसाठी मुंढव्याच्या केंद्रात वेळ घेऊन मिळतो. फी ५०० रुपये. सध्याचा पत्ता पासपोर्टवरच्या पत्त्याहून वेगळा असेल तर पुन्हा पोलिस पडताळणी होते. बहुतेक देश हा दाखला सहा महिन्यांपेक्षा जुना चालवत नाहीत, त्यामुळे उत्साहाने आधी काढून ठेवला तर पुन्हा काढावा लागतो. आयईएलटीएसचा निकालही दोनच वर्षं ग्राह्य असतो.

पुण्यात बसून ऑनलाइन शिकवलं तर?

जिथे व्हिसा नाही तिथे वर्क परमिटचा प्रश्न येत नाही, हे खरं. पण नियम तिथेही पोचले. चीनने जुलै २०२१ मध्ये शालेय मुलांच्या खासगी शिकवण्यांवर मोठे निर्बंध आणले, आणि त्यातच परदेशात बसलेल्या परदेशी शिक्षकांकडून शिकवून घेण्यावर बंदी घातली. तोवर चिनी मुलांना इंग्रजी शिकवणं हा ऑनलाइन शिक्षकांचा मोठा आधार होता. काही महिन्यांत तो बाजार मिटला. आजही कोणी ‘चिनी मुलांना घरून शिकवा’ म्हणत असेल, तर हे लक्षात ठेवून बोला.

जपानी, जर्मन शिकवणाऱ्यांसाठी

पुण्यात जपानी शिकवणाऱ्यांची फळी मोठी आहे, म्हणून जपानमधला बदल त्यांनी समजून घ्यावा. एप्रिल २०२४ पासून तिथे जपानी भाषा शिकवणाऱ्या संस्थांना सरकारी मान्यता आणि शिक्षकांना राष्ट्रीय नोंदणी अशी नवी पद्धत लागू झाली आहे. नोंदणीसाठी परीक्षा आहे, तिचे पायाभूत आणि उपयोजित असे दोन भाग, आणि त्याशिवाय प्रात्यक्षिक प्रशिक्षण. पहिली परीक्षा नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. जुन्या शिक्षकांना संक्रमणासाठी मार्च २०२९ पर्यंत मुदत आहे. यात मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे की परीक्षेला राष्ट्रीयत्वाची, वयाची किंवा पदवीची अट नाही. भारतीय माणूस जपान्याच्या बरोबरीने बसू शकतो. परीक्षा जपानी माणसालाही अवघड जाते, कारण तिला भाषा येणं पुरत नाही. भाषाशास्त्र आणि अध्यापनही लागतं. एन१, म्हणजे जपानी भाषा-परीक्षेची सर्वांत वरची पातळी, झालेल्याने एवढ्याने हुरळून जाऊ नये.

जर्मनीत स्थलांतरितांसाठी सरकारी अनुदानावर चालणारे एकात्मता वर्ग शिकवायचे तर तिथल्या स्थलांतर कार्यालयाची मान्यता लागते. त्यासाठी पदवी आणि परकीय भाषा म्हणून जर्मन शिकवण्याचं प्रशिक्षण बघतात. भारतातून जाऊन थेट तिथे उभं राहणं कठीण आहे. आधी तिथे त्याच विषयात शिक्षण घेऊन मग मान्यता, हा रस्ता लांब पण खरा.

‘आधी टुरिस्ट व्हिसावर जाऊ, तिथे गेल्यावर बघू’

हा सल्ला अजूनही दिला जातो, आणि तो सर्वांत धोक्याचा आहे. टुरिस्ट व्हिसावर पगार घेऊन शिकवणं म्हणजे बिनापरमिटची रिक्षा. पकडलं तर दंड, हद्दपारी आणि पुन्हा प्रवेशबंदी होऊ शकते, आणि त्या नोंदीचा पुढे दुसऱ्या देशाच्या अर्जावरही परिणाम होतो. पगार बुडाला तर तक्रार कुठे करणार? मालकाला हे ठाऊक असतं.

याहून वाईट शक्यता गेल्या काही वर्षांत समोर आली आहे. थायलंडमधली नोकरी सांगून तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये, किंवा थेट कंबोडियात नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलं. भारत सरकारने त्याबद्दल वारंवार इशारे दिले आहेत आणि अडकलेल्यांना सोडवून आणलं आहे. त्यांच्यात शिकलेली, कॉम्प्युटर येणारी, इंग्रजी बोलणारी मुलं होती.

म्हणून एजंटमार्फत जात असाल तर तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावरच्या नोंदणीकृत यादीत आहे का, ते स्वतः पाहा. त्याने दाखवलेला नोंदणी क्रमांक तिथे टाकून तपासा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पावती मागा. करारावर शाळेचं नाव, पत्ता, आठवड्याचे तास, पगार आणि वर्क परमिटचा खर्च कोण करणार हे लिहिलेलं हवं. मग शाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा फोन शोधून, एजंटने दिलेला नंबर बाजूला ठेवून, थेट शाळेला विचारा: तुम्ही भारतीय पासपोर्टवर इंग्रजीच्या शिक्षकासाठी याआधी वर्क परमिट काढलं आहे का? ‘हो’ आलं, तर पदवी मंत्रालयाला पाठवायची वेळ झाली.